दहा बाय बारा

हरितालिकेच्या संध्याकाळी आमच्या डोंबिवलीच्या घरात एक काम ठरलेलं असतं. टीपॉय शेजारच्या काकूंकडे जातो, खुर्च्या गच्चीच्या जिन्यात जातात, टीव्ही आतल्या खोलीतल्या कपाटावर चढतो. हॉलची फरशी कोपऱ्याकोपऱ्यातून पुसली जाते. मग एका कोपऱ्यात चौरंग, मागे ताणून लावलेली साडी, दोन्ही बाजूंना समया आणि वरून एक पिवळा दिवा. दुसऱ्या दिवशी दर्शनाला येणारा प्रत्येक जण चप्पल काढता काढता म्हणतो, "अगं, केवढा मोठा दिसतोय तुमचा हॉल!" दीड दिवसांनी गणपती जातात, सामान परत येतं आणि हॉल पुन्हा लहान होतो.

कितीतरी वर्षं हे दर भाद्रपदात बघत होते. छोट्या हॉलची सजावट कशी करावी याचं उत्तर आपल्याच घरात दरवर्षी मांडलं जातं, हे मात्र मला फार उशिरा उमगलं. त्या दीड दिवसात आपण नवं काहीच आणत नाही. फरशी मोकळी करतो, नजर जाऊन टेकेल असा एकच कोपरा निवडतो आणि उजेड त्या कोपऱ्यावर पाडतो. कमी पैशांत घर देखणं करायचं असेल तर करण्यासारख्या गोष्टी याच तीन आहेत.

आमचा हॉल आतून दहा बाय बारा, म्हणजे १२० चौरस फूट. हा आकार तक्रार करण्याइतका लहान नाही. राहत्या खोलीचं किमान क्षेत्रफळ ९.५ चौरस मीटर आणि किमान रुंदी २.४ मीटर असावी, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. ९.५ चौरस मीटर म्हणजे साधारण १०२ चौरस फूट. मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींमध्ये १९२०च्या दशकापासून जवळपास शंभर वर्षं माणसं १६० चौरस फुटांच्या एका खोलीत आख्खा संसार करत आली. तिथे चूल, मोरी, अभ्यास, पाहुणे, बाळंतपण सगळं त्याच चार भिंतींत. मुंबई-ठाण्याच्या घरांना लहानपण नवं नाही. नवं आहे ते मोठ्या घरासाठी बनवलेलं सामान लहान घरात आणणं.

ते आम्हीही केलं. 'एल' आकाराचा सोफा बघून आलो, दुकानात तो बेताचा वाटला. दुकानाचं छत पंधरा फुटांवर आणि आजूबाजूला मोकळी जागा, त्यामुळे तिथे सगळंच बेताचं वाटतं. घरी आणताना तो दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकला. हमालांनी कठड्यावरून दोरीने ओढून तो कसाबसा वर घेतला, त्यात त्याचा एक कोपरा फाटला आणि दुकानदाराने परत घ्यायला साफ नकार दिला. हॉलमध्ये बसवला तेव्हा गॅलरीचं दार अर्धंच उघडू लागलं. मी त्या रात्री टेप घेऊन बसले. सोफ्याची एक बाजू आठ फूट, दुसरी सहा, खोली अडीच. म्हणजे त्याने जवळपास २९ चौरस फूट खाल्ले. टीपॉय ७, टीव्हीचं युनिट साडेसात. तीन वस्तूंत साडेत्रेचाळीस चौरस फूट, हॉलचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग. रात्री सासूबाईंचं आणि मुलाचं अंथरूण पडायचं तिथेच, तेव्हा रोज टीपॉय उचलून स्वयंपाकघरात ठेवायचा आणि सकाळी परत आणायचा.

आपल्याकडच्या हॉलला रोजचं वेळापत्रक असतं. सकाळी तिथे इस्त्री होते आणि डबे भरले जातात, दुपारी कुणी आडवं होतं, संध्याकाळी अभ्यास, मग जेवणाची पंगत, रात्री अंथरुणं. मासिकांतल्या चित्रांत खोली फक्त बसायची असते. म्हणून कुठलीही वस्तू घेण्याआधी मी आता एकच विचारते, रात्री अंथरुणं पडायच्या वेळी ही कुठे जाणार? या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती वस्तू कितीही स्वस्त मिळाली तरी महागच पडते.

एक साधी गोष्ट सांगते, तिला पैसे लागत नाहीत. जे सामान घ्यायचं मनात आहे त्याच्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद एकमेकांना चिकटवून फरशीवर पसरायचे आणि दोन दिवस तसेच राहू द्यायचे. कागदावर पाय न देता घरात वावरायचं. माणसाला सरळ चालायला दोन-अडीच फुटांची वाट लागते, बसलेल्याच्या गुडघ्यांपुढे दीड फूट लागतो, कपाटाचं दार उघडायला त्या दाराच्या रुंदीएवढी जागा लागते. हे आकडे पाठ करून उपयोग नसतो. कागदावर तिसऱ्यांदा पाय पडला की ते आपोआप कळतात. आम्ही सहा बाय अडीचच्या दिवाणाचा कागद बारा फुटांच्या भिंतीला लागून टाकला आणि दोन दिवसांत कुणाचाच पाय त्यावर पडला नाही. सोफा विकला. निम्मेच पैसे आले, पण फरशी परत मिळाली.

दिवाण जुना घेतला. जोगेश्वरीच्या ओशिवरा भागात जुन्या फर्निचरची मोठी बाजारपेठ आहे, पुण्यात जुना बाजार भरतो, शिवाय सोसायटीतलं कुणीतरी घर बदलत असतंच. जुनं सागवानी सामान नव्या पार्टिकल बोर्डाच्या सामानापेक्षा जास्त टिकतं, कारण पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेली फळी. कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत तिच्या कडा फुगतात आणि स्क्रू सुटतो. जुनी वस्तू घेताना ती उलटी करून बघावी. खालची, न पॉलिश केलेली बाजू खोटं बोलत नाही. बारीक भोकं आणि त्याखाली पिठासारखा भुस्सा दिसला तर आत भुंगा आहे, मातीच्या रेघा दिसल्या तर वाळवी. सांध्यांत आणि वेताच्या विणीत ढेकणांचे काळे ठिपके शोधावेत. आणि जिन्याचं माप खिशात असावं, वळणाचं तर नक्कीच.

आमच्या दिवाणाच्या पोटात आता घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं मावतात. वर कापसाची गादी. घरात दोन जुन्या, गोळे झालेल्या गाद्या होत्या, त्यांचाच कापूस पिंजाऱ्याकडून पिंजून घेतला आणि नव्या खोळीत भरला. कापसाच्या गादीचं हेच मोल आहे, ती दर काही वर्षांनी नवी होते. फोमची बसली की बसली. वर सोलापुरी चादर घातली. जाड, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी, धुवायला सोपी. पाहुण्यांनी टेकायला भिंतीला दोन लोड. बैठक जमिनीपासून सोळा-सतरा इंचांवर, पाठीमागे उंच पाठ नाही, त्यामुळे वरची सगळी भिंत मोकळी दिसते. वाड्यातली गादी-तक्क्यांची बैठक ऐसपैस वाटायची ती यामुळेच. सामान बुटकं असलं की खोलीची उंची आपल्याला मिळते.

उजेडाचं म्हणाल तर इथे सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त फरक पडतो, आणि इथेच आपण सगळ्यात कमी लक्ष देतो. बहुतेक घरांत हॉलला एक पांढरीशुभ्र ट्यूब असते, भिंतीच्या वरच्या टोकाला. २० वॉटची एलईडी ट्यूब साधारण २००० ल्यूमेन उजेड देते. ११ चौरस मीटरच्या खोलीत बसण्या-बोलण्याला तो पुरून उरतो. अडचण उजेडाच्या प्रमाणात नसून जागेत असते. एकाच ठिकाणाहून येणारा उजेड समोरच्या माणसाच्या डोळ्यांखाली सावली पाडतो आणि कोपरे अंधारे ठेवतो. कोपरे अंधारे राहिले की खोली तिथेच संपल्यासारखी वाटते. तेच दोन ९ वॉटचे दिवे दोन कोपऱ्यांत, भिंतीकडे तोंड करून लावले, तर भिंती उजळतात आणि मागे सरकल्यासारख्या दिसतात. वीज तेवढीच. दिवसाला पाच तास जळला तर ९ वॉटचा एक दिवा महिन्याला दीड युनिटही घेत नाही.

खोक्यावर एक आकडा छापलेला असतो तो वाचावा. ६५०० के म्हणजे निळसर पांढरा, २७०० ते ३००० के म्हणजे समईच्या जवळचा पिवळसर. संध्याकाळी बसायला ३००० बरा. अभ्यासाला मात्र एवढ्यावर भागत नाही, वहीवर थेट पडणारा वेगळा दिवा हवाच, तिथे काटकसर करू नये. मुंबईत लोहार चाळीत गेलं तर होल्डर, वायर, साध्या शेड सगळं मिळतं. आम्ही एका कोपऱ्यातल्या दिव्याला दिवाळीतला कागदी आकाशकंदील घातला. एलईडी फार तापत नाही, त्यामुळे कागदाची शेड चालते, जुना पिवळा बल्ब असता तर मी हे सुचवलं नसतं.

रंग हा आमच्या खर्चातला सर्वांत मोठा आकडा होता, म्हणून त्याचा हिशेब आधी मांडला. हॉलची परिमिती ४४ फूट, उंची साडेनऊ, म्हणजे ४१८ चौरस फूट. दारं-खिडक्या वजा केल्या की ३६०. चांगल्या घासलेल्या भिंतीवर एक लिटर प्लास्टिक इमल्शन एका हातात साधारण १२० ते १४० चौरस फूट जातं. दोन हातांना साडेपाच-सहा लिटर पुरे. दुकानदार दहा लिटरचा डबा पुढे करतो तेव्हा हा हिशेब जवळ असावा. डिस्टेंपर स्वस्त पडतं, पण मुलांच्या हातांचे डाग पुसायला गेलं की त्याबरोबर रंगही निघतो. छताला डिस्टेंपर चालेल, भिंतीला नको.

आमचे रंगारी काका बोलायला थोडे तुटक, पण त्यांचं एक वाक्य मी जपून ठेवलंय. "ताई, रंग कार्डावर बघू नका, भिंतीवर बघा." त्यांनी दोन फुटांचे चौकोन दोन वेगवेगळ्या भिंतींवर मारून दिले आणि दोन दिवस आलेच नाहीत. एक चौकोन शुभ्र पांढरा, एक मोतिया, एक फिकट बदामी. आमच्या खिडकीसमोर दहा फुटांवर पलीकडच्या इमारतीची भिंत आहे, दुपारी उजेड येतो तो तिच्यावर आपटून. दुकानात झगझगीत वाटलेला पांढरा दुपारी दोन वाजता राखाडी, आजारी दिसायला लागला. मोतिया मात्र सकाळी, दुपारी आणि दिव्याखाली तिन्ही वेळा उबदार राहिला. पांढरा रंग खोली मोठी करतो हे सगळे सांगतात. ते खरं आहे, पण खोलीत उजेड येत असेल तरच. पांढरा रंग पडलेल्या उजेडातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास परत फेकतो, पण उजेडच मळका असेल तर फेकतो तोही मळकाच. अशा घरांत पिवळ्याकडे झुकणारी छटा घ्यावी आणि छत तेवढं शुभ्र ठेवावं.

भिंतीला ओल असेल तर रंगाचा विचारच करू नये. पोपडे धरलेल्या भिंतीवर कितीही महाग रंग लावला तरी पुढच्या श्रावणात तो गळून पडतो. आधी बाहेरची भेग किंवा वरच्या मजल्यावरची मोरी दुरुस्त करायची, मग भिंत वाळू द्यायची. पाऊस संपला की लगेच रंगारी बोलवायची घाई सगळ्यांनाच असते, कारण दिवाळी तोंडावर असते. पण नैर्ऋत्येचा पाऊस खाल्लेली पश्चिमेची भिंत आतून वाळायला वेळ घेते. एखाद्या वर्षी दिवाळी जुन्या रंगात गेली तरी चालेल, काम माघात करावं.

आता पडद्याचं. तो आमच्या हॉलचा मला सगळ्यात आवडता भाग आहे.

तयार पडदे पाच, सात आणि नऊ फुटी मिळतात. आमची खिडकी चार फूट रुंद, तिच्यावर पाच फुटी पडदा लटकवला की भिंतीवर तिकीट चिकटवल्यासारखं दिसायचं. पडदा खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंनी सहा इंच रुंद, वर सहा इंच उंच आणि खाली फरशीपर्यंत असावा, म्हणजे खिडकी आहे त्याहून मोठी वाटते आणि पडदा उघडला तरी काच झाकत नाही. पाच फुटांच्या दांडीला चुण्या पडायला दहा फूट कापड लागतं. मंगलदास मार्केटमध्ये ठाणातून कापड घ्यायचं ठरवत होते, तेवढ्यात सासूबाईंनी ट्रंकेतून आजेसासूबाईंची इरकल काढली. नऊवारी, गर्द जांभळी, लाल काठाची. नेसणारं आता घरात कुणी नाही. त्या म्हणाल्या, "पेटीत घडीवर घडी विरून फाटेल. त्यापेक्षा खिडकीला लाव, रोज दिसेल तरी."

नऊ वार म्हणजे २७ फूट. पन्हा ४६ इंच. मी आठ-आठ फुटांचे तीन तुकडे मोजले. वरच्या चुणीला आणि खालच्या दुमडीला मिळून नऊ इंच गेले, पडदा सव्वासात फुटांचा झाला, फरशीच्या जेमतेम वर. तीन पन्हे शेजारी शेजारी म्हणजे साडेअकरा फूट, दहाला भरपूर. साडीचे काठ लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे पडद्यावर ते उभे आले. लाल रंगाच्या सहा उभ्या रेघा, दांडीपासून फरशीपर्यंत. नजर त्यांच्यावरून वर चढते आणि साडेनऊ फुटांचं छत उंच भासतं. इरकलीचा पदर मूळ अंगाला वेगळा जोडलेला असतो, त्या जोडावर कात्री आली तर सुटत जातो. म्हणून पदर एका तुकड्यात अखंड ठेवला, तो गॅलरीच्या बाजूला येतो आणि सकाळी ऊन लागलं की आतून पेटल्यासारखा दिसतो. जुनं सूत उन्हाने विरतं, तेव्हा मागून मांजरपाटाचं अस्तर दिलं. उरलेल्या तीन फुटांत दिवाणावरच्या दोन उशांचे अभ्रे निघाले.

प्लायवूडचा एकच तुकडा विकत घेतला, आठ बाय चारचा, १८ मिलिमीटर जाडीचा. शीटवर शिक्का बघून घ्यावा. आयएस ७१० म्हणजे मरीन, पाण्याजवळ लागतं ते, हॉलला आयएस ३०३ पुरतं. त्यातून नऊ इंची दोन पट्ट्या कापल्या, आठ-आठ फुटांच्या. दाराची उंची सात फूट, तिच्या वर भिंत अडीच फूट रिकामीच असते. जुन्या घरांत तिथे फळी असायची आणि तिच्यावर पितळेची भांडी. आम्ही तीच फळी परत आणली, बारा फुटांच्या भिंतीवरून कोपऱ्यात वळून पुढे चार फूट. घरातली सगळी पुस्तकं आता तिथे आहेत आणि पुस्तकांचं कपाट गेलं. पुस्तकं दिसतात त्याहून जड असतात, त्यामुळे दर दोन फुटांवर ब्रॅकेट हवाच. तीन फुटांवर टाकला तर वर्षभरात फळी पोट काढते. उरलेल्या प्लायमधून तीन बाय दोनचं टेबल झालं, बिजागऱ्यांनी भिंतीला जोडलेलं. उचलून खिट्टी लावली की अभ्यास, इस्त्री, भाजी निवडणं. खिट्टी काढली की ते भिंतीला चिकटून खाली लोंबतं.

काही गोष्टी घेऊ नयेत असं मी मैत्रिणींना आवर्जून सांगते. शोकेस घेऊ नका, तिच्यात फक्त बक्षिसं आणि धूळ साठते. हवा शुद्ध करणारी म्हणून झाडं विकत घेऊ नका. ती समजूत नासाच्या १९८९च्या अभ्यासातून पसरली, पण तो अभ्यास लहान बंद पेट्यांमध्ये केलेला होता, उघड्या खिडकीच्या घराला तो लागू पडत नाही. हिरवं बघून बरं वाटतं म्हणून मनीप्लांटची फांदी शेजाऱ्यांकडून मागून पाण्यात ठेवा. आणि तसबिरी छताला टेकवून लावू नका. आपण जमिनीवर किंवा बुटक्या बैठकीवर बसतो, आपली नजर खाली असते, तेव्हा चित्रही तेवढं खाली हवं. बारा छोट्या चौकटींपेक्षा एक मोठी बरी. आमच्याकडे पालघरहून आणलेलं वारली चित्र आहे, गेरूच्या रंगावर तांदळाच्या पिठाचं. जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणून जगभर नेली, २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लग्नघराच्या भिंतीसाठी जन्मलेलं ते चित्र मोतिया भिंतीवर एकटंच आहे, आणि तिथे दुसरं काही लावायचं माझ्या मनातही येत नाही.

सगळा खर्च तीन महिन्यांत विभागून २५,८०० रुपये झाला. त्यातले ११,५०० रंग, पुट्टी आणि मजुरीचे. प्लाय, ब्रॅकेट आणि सुतार ५,६००. दिवाण ४,५०० आणि त्याच्या टेंपोला ८००. दिव्यांना १,४००, पडद्याची शिलाई आणि दांडी १,१००, पिंजाऱ्याला ९००. क्रम मात्र मी आता असाच ठेवणार नाही. पुन्हा करायचं झालं तर आधी सामान बाहेर काढेन, मग दिवे बदलेन, आणि तेवढ्यावर महिनाभर राहून बघेन. काही घरांना पुढचं काही लागतही नसेल.

परवा कोल्हापूरची आत्या राहायला आली. रात्री साडेदहाला टेबल खाली सोडलं, दिवाणाचं झाकण उचललं, तीन गाद्या शेजारी शेजारी अंथरल्या. आत्याने इरकलीचा पदर बोटांत धरून उलटसुलट बघितला आणि म्हणाली, "ही आईची ना? माझ्या लग्नात नेसली होती." मग ती खिडकीपाशीच झोपली.